बूट ठेवायची खोली

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे वाक्य या पुस्तकात आधी येऊन गेलंय आणि पुढेही येणार आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्या बी.ए. झाल्या असतील त्यांनी ते वगळून पुढे जावं. पण पदवी हातात पडल्यावर वर्षाच्या आत मी जी घोडचूक केली, ती सातवीत शाळा सुटलेल्या माझ्या आईने झोपेतही केली नसती. आणि ती निस्तरायला एका जर्मन माणसाची तीस वर्षांची लष्करी नोकरी कामी आली. अभिमानाच्या गोष्टी मी मोठ्याने सांगते, तर हीसुद्धा त्याच आवाजात सांगायला हवी.

न्यूझीलंडला, ऑकलंडच्या न्यू लिन भागात आम्ही राहायचो ते खरं तर घराच्या मागचं घर. पुढे मालकाचं लाकडी, पांढऱ्या रंगाचं. मागे आमच्या दोन खोल्या आणि पत्र्याचं छप्पर. मध्ये एक लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घालायची ती छत्रीसारखी गोल फिरणारी तार. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजायचा की पप्पा टीव्हीचा आवाज बंद करून टाकायचे आणि बातम्या देणारीच्या तोंडाकडे बघून स्वतःच बातम्या सांगायचे. पहाटे टुई पक्षी ओरडायचा. हा पक्षी निम्मं गाणं गातो आणि निम्मं खाकरतो. आई म्हणायची, अगदी तुझ्या आजोबांसारखा. आणि साधारण सातच्या सुमाराला पुढच्या घरातून खर्र, खर्र असा आवाज यायचा. आमचे घरमालक चाकूने पेन्सिलला टोक काढत बसलेले असायचे. रोज पाच पेन्सिली. त्यांना त्या दिवशी काही काढायचं असो वा नसो.

त्यांचं नाव टोल्नर. पप्पा त्यांना सर म्हणायचे, मी मिस्टर टोल्नर. आईला मात्र आपल्याहून मोठ्या माणसाला आडनावाने हाक मारणं जमेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना नाना करून टाकलं. आई त्यांच्याशी मराठीत बोलायची, ते तिच्याशी अर्धं इंग्रजी अर्धं जर्मन, आणि लिंबाच्या झाडाखाली या दोघांचं अर्धा-अर्धा तास जमायचं. मी इंग्रजी शिकायला शाळेत जीव काढत होते, तेव्हा हे बघून मला फार राग यायचा.

त्यांची खरी ओळख झाली ती वासावरून. तेव्हा सँडरिंगहॅमला आपल्या सामानाचं एकुलतं एक दुकान होतं. तिथे एक दिवस पप्पांना ज्वारीचं पीठ मिळालं आणि त्याच पिशवीत सुकटही. आईने सुकट भाजायला तव्यावर टाकलं, खिडकी उघडली, आणि दोन मिनिटांत दारावर टकटक. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. आता घर सोडावं लागणार, असा पप्पांचा चेहरा. दारात टोल्नर उभे. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी कशीबशी म्हणाले, "सुके मासे. सॉरी." ते म्हणाले, "सॉरी कशाला? मला वाटलं, माझं काहीतरी कुजलं." आणि परत जाऊन त्यांनी त्यांची बरणी आणली. आत आंबवलेली कोबी. तिचा वास सुकटाच्या तोडीस तोड. त्या दिवशी त्यांनी भाकरीबरोबर सुकटाची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत काढत खाल्ली, आणि आईने त्यांच्या कोबीला मोहरी-मिरचीची फोडणी दिली. त्यानंतर ती बरणी दर महिन्याला येत राहिली. "नुसती खायची नाही नाना," आई बजावायची, "पोट बिघडेल."

त्याच जेवणात पप्पांनी विचारलं, "सर, तिकडे काय काम करायचा?"

"बराकी," टोल्नर म्हणाले. "दारूगोळ्याची कोठारं. दोन-तीन कँटीन. आराखडे काढायचो, लष्करासाठी."

पप्पा घास टाकून उभेच राहिले. पप्पांनी खडकीला लष्कराच्या कारखान्यात वेल्डिंगमध्ये सतरा वर्षं काढलेली. इथल्या पेनरोजच्या टाक्यांच्या कारखान्यात ते आले ते त्याच हातांच्या जोरावर. "यांना सांग," ते मला म्हणाले, "मी दारूगोळ्याच्या पेट्या जोडायचो आणि हे त्या पेट्या ठेवायची जागा बांधायचे. म्हणजे आमचं गिऱ्हाईक एकच!"

मी सांगितलं. टोल्नर म्हणाले, "वडिलांना सांग, गिऱ्हाईक एकच, पण त्यांच्या मालाला उठाव तरी होता."

हे त्यांचं बोलणं मला कळायला दोन वर्षं लागली. तीस वर्षं टोल्नर एका युद्धाची तयारी करत होते आणि ते युद्ध आलंच नाही. पूर्वेकडून रणगाडे येणार, म्हणून सीमेजवळच्या माळावर त्यांनी बराकी बांधल्या. विमानातून दिसू नयेत म्हणून कोठारांच्या छपरांवर गवत लावलं. ते गवत इतकं चांगलं वाढलं की गावातल्या एका माणसाच्या शेळ्या तिथे चरायला यायच्या, आणि ही आपल्या कामाला मिळालेली सर्वांत मोठी पावती, असं ते सांगायचे. मग एके दिवशी शत्रूच संपला. लढाई न होता, आपला आपण. सैन्य कमी झालं, बराकी रिकाम्या झाल्या, टोल्नरना घड्याळ आणि निवृत्ती मिळाली. त्यांची बायको आधीच वारली होती, मुलगी इकडे लग्न करून आलेली, म्हणून तेही आले. मुलगी पुढे नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. टोल्नर म्हणाले, दोनदा देश बदलायला मी काही सैन्य नाही. ते न्यू लिनलाच राहिले.

इथे त्यांनी नोकऱ्यांसाठी अर्ज केले. सगळीकडे एकच मागणी: तुमचं काम दाखवा. आणि दाखवायला काही नव्हतं, कारण सगळं गुपित. फोटो काढायला बंदी, नकाशे तिजोरीत. तीस वर्षांत फक्त एक आराखडा असा होता ज्याच्यावर गुप्ततेचा शिक्का बसला नव्हता, कारण तो शत्रूच्या हाती लागला तरी शत्रूचा काही फायदा नव्हता. ती होती बराकीतली बूट ठेवायची खोली. तो आराखडा घेऊन हा माणूस ऑकलंडच्या सहा-सात कचेऱ्यांमध्ये गेला. कुठे चहा मिळाला, कुठे तोही नाही. मग ते लोकांच्या घरामागचे लाकडी डेक आणि गाड्यांच्या शेड काढून द्यायला लागले, आणि तो आराखडा काचेत घालून स्वयंपाकघरात टांगला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते एखादं चर्च वाटलं होतं. इतका तो नीटस होता.

तिकडून त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्रं यायची. त्यात बातम्या असायच्या. अमुक बराकीत आता सोफ्यांचं दुकान निघालं. तमुक कँटीनमध्ये पोरं नाचायला जातात. कोठारांमध्ये वटवाघळं राहायला आली, आणि ती वटवाघळं दुर्मीळ निघाली, म्हणून आता तिथे माणसांना जायला मनाई. "बघ," टोल्नर मला म्हणाले, "अजूनही आत जायची परवानगी नाही. फक्त कारण बदललं."

मंडळातले लोक, म्हणजे आमच्या ऑकलंडमधल्या बौद्ध मंडळातली तीस-चाळीस कुटुंबं, मला बाजूला घेऊन विचारायची, "काय गं, तुमचा मालक त्या मिशीवाल्याच्या वेळचा तर नाही ना?" शेवटी एकदा मी टोल्नरनाच विचारलं. मी पंधरा-सोळा वर्षांची आणि तोंडाने फटकळ, आताही आहे. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "मी तेव्हा चार वर्षांचा होतो. बॉम्ब पडायचे तेव्हा आम्ही सगळे तळघरात. वर यायला दोन जिने होते. एका जिन्यावर लोकांनी सुटकेसा रचून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या चांगल्या सुटकेसा. त्या दिवशी दुसऱ्या जिन्याने आम्ही बाहेर आलो. जवळजवळ सगळे." मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि टोक काढायला लागले. ते 'जवळजवळ' पुन्हा कधी आमच्या बोलण्यात आलं नाही.

दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर चित्रं काढायला बसायचे. मला घरं काढायची होती, कमानी, मनोरे. त्यांनी मला सहा महिने नुसती दारं काढायला लावली. "दार काढ. आता त्यातून बाहेर पडणारा माणूस काढ. आता त्याच्या हातात मूल दे. आता ते मूल झोपलेलं आहे, जड आहे. आता दार पुन्हा काढ." मी वैतागून आईला सांगायचे की नाना मला सुतार बनवणार. आई म्हणायची, "सुतारसुद्धा आपल्यात कोणी नाही. बन."

पण झाले मी आर्किटेक्ट. विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी पप्पांनी कारखान्यात सगळ्यांना पेढे दिले. तिथल्या टोंगन, सामोअन, गोऱ्या माणसांनी ते चीज समजून खाल्ले. पुढे काय झालं हे मी प्रामाणिकपणे सांगते. विद्यापीठाने मला खूप शिकवलं आणि त्याहून जास्त विसरायला लावलं. दुसऱ्या वर्षापासून मी दाराला दार म्हणेनाशी झाले. मी त्याला थ्रेशोल्ड म्हणायला लागले. आमच्या एका प्राध्यापिका होत्या, त्यांना हा शब्द फार आवडायचा; आत आणि बाहेर यांच्यामधला संवाद वगैरे. शनिवारी टोल्नरकडे जाणं कमी झालं. एकदा तर मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मिस्टर टोल्नर, तुमचं शिक्षण बराकीतलं. इमारतीने माणसाला काहीतरी अनुभव द्यायला हवा." ते म्हणाले, "हो. जिवंत बाहेर पडण्याचा." मी हसले. माझी मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तर कायम इंग्रजीतून येतं, ती आता अगदी तस्सं माझ्याकडे बघून हसते तेव्हा मी मनात टोल्नरची माफी मागते.

पदवी झाली, एका छोट्या कचेरीत नोकरी लागली, आणि त्याच सुमाराला मंडळाला पेनरोजमध्ये एक जुनं गोदाम भाड्याने मिळालं. टायरचं गोदाम होतं. तिथे विहार आणि सभागृह करायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष गायकवाडकाका, पुण्याचे, कॉम्प्युटरमधले, बोलायला लागले की माइक नसला तरी माइक असल्यासारखे. त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं, "आराखडा आपल्याच पोरीने काढायचा. आपली सुजाता आर्किटेक्ट झाली ती काय गोऱ्यांचे डेक काढायला?" टाळ्या पडल्या. पप्पा मागच्या रांगेत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि माझ्याकडे न बघता रुमालाची घडी करत बसले. उद्घाटन वैशाख पौर्णिमेला. कोलंबोहून भंते येणार. तोवर काउन्सिलचा माणूस पाहून जाईल आणि सभेसाठी जागा वापरायचा दाखला देईल, म्हणजे झालं.

मी आराखड्यात जीव ओतला. गोदामाचं मुख्य दार, तिथून थेट समोर बुद्धमूर्ती, डाव्या हाताला एक लांब भिंत. त्या भिंतीवर प्रकाश असा पडणार, की आपल्या लोकांचा सगळा प्रवास त्या उजेडात दिसावा. तिला मी स्मृतिभिंत म्हटलं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी पाहून सही केली. छापलेला आराखडा मी मुद्दाम टोल्नरना दाखवायला नेला. खरं सांगायचं तर शिकायला नाही, दाखवायला.

त्यांनी चष्मा लावला. बोटाने दारातून आत शिरले, मूर्तीपर्यंत गेले, परत आले. मग विचारलं, "बूट कुठे आहेत?"

"कसले बूट?"

"माणसांचे."

मी आईला जेवताना हे सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून पलटण चाललीय, मी म्हणाले. आईसुद्धा हसली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. कारण पुढे ते तिने कधी कबूल केलं नाही.

काउन्सिलचा माणूस यायचा तो गुरुवार. गायकवाडकाकांनी डोकं चालवलं. "साहेबाला दिसू दे, आपल्या लोकांना जागेची किती गरज आहे." म्हणून त्यांनी फोन करून करून शक्य तितकी कुटुंबं बोलावली. कोणी अर्धी रजा टाकली, पोरांच्या शाळेला सुट्टी होतीच, महिला मंडळ वंदनेच्या तालमीला आलं. साठ-पासष्ट माणसं. बाहेर पाऊस, अंगण दुसऱ्या कंपनीच्या ट्रकांचं, तिथे काही ठेवायची सोय नाही. त्यामुळे प्रत्येक जण दारातून आत शिरला की, पिढ्यान् पिढ्यांची सवय, पहिलं पाऊल आत टाकताच चपला काढत होता. बूट, सँडल, जँडल्स म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला, पोरांचे दिवे लागणारे बूट, ओल्या छत्र्या. मी मूर्तीच्या बाजूला उभी राहून प्रकाश भिंतीवर कसा पडतोय ते पाहत होते.

काउन्सिलकडून विरेमू नावाचा धिप्पाड माओरी माणूस आला. "किया ओरा," असा त्यांच्यातला नमस्कार केला, आणि दारातच थांबला. त्याच्यासमोर डोंगर होता. त्याने तक्रार न करता वाकून आपले जाडजूड बूट काढले आणि डोंगरावर ठेवले. मग ओलांडायला गेला आणि एका जँडलवरून पाय सटकून गायकवाडकाकांच्या अंगावरच आला. सगळे हसले, तोही हसला. मोज्यांमध्ये त्याने सगळं सभागृह पाहिलं, आईच्या हातची कांदाभजी दोन बशा खाल्ली, मूर्तीपुढे क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. शेवटी दाराशी येऊन टेप काढली. दारात मोकळी जागा किती उरली ते मोजलं. एका माणसाला अंग तिरकं करून जाता येईल इतकी.

"बहीण, हे तू काढलंस?" त्याने मला विचारलं.

"हो."

"सुंदर आहे. पण आग लागली, दिवे गेले, तर त्या तिथे बसल्यात त्या आज्या या ढिगावरून कशा उतरतील?" तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या मराएवर, आमच्या सभाघरातही, आत बूट नेत नाहीत. आम्ही त्याच्यासाठी पुढे ओसरी ठेवतो. तुम्ही कुठे ठेवलीय?"

गायकवाडकाका मध्ये पडले. "सर, भजी आवडली ना?"

"भजी स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, विरेमू म्हणाला, बूट शोधत. "दार नाही. पुढच्या शुक्रवारी परत येतो. तोवर बदललं नाही तर दाखला नाही."

पौर्णिमा त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी. तो गेल्यावर मग काका खाकरून म्हणाले, "घाबरायचं नाही. मी एका अनुभवी माणसाशी बोलतो. अनुभवी फर्म आहे." अनुभवी म्हणजे काय रंगाचा, हे त्या गोदामातल्या सगळ्यांना कळलं. पप्पांनाही. घरी आल्यावर पप्पा बूट काढता काढता म्हणाले, "चार वर्षं काय शिकवलं त्यांनी तुला?"

आई म्हणाली, "दारात चपला काढायचं मी शिकवलं होतं. ते त्यांनी पुसून काढलं."

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती जास्त वाईट. ज्या घरांमध्ये शिकलेली माणसं भरपूर असतात तिथे एकाची चूक ती एकाची चूक असते. माझी चूक म्हणजे पप्पांनी कारखान्यात वाटलेला प्रत्येक पेढा होता. पुढच्या वेळी मंडळात कोणाच्या पोरीने काही काढलं की लोक म्हणणार होते, नको बाई, त्या सुजाताचं आठवतंय ना?

मी तशीच पुढच्या घरी गेले. टोल्नर टेबलाशी बसलेले.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हणाले.

"हो."

"मी हसले."

"थोडंसं," ते म्हणाले. मग एक पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "किती माणसं?"

"पौर्णिमेला दीडशे."

"किती मिनिटांत येतात?"

"सगळे एकदम. ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाने."

"पाऊस?"

"ऑकलंड आहे."

"म्हणजे पाऊस." त्यांनी उठून भिंतीवरची काच उतरवली, मागचे खिळे चाकूने काढले आणि तीस वर्षांतला तो एकमेव उघडा आराखडा माझ्यासमोर पसरला. तेव्हा मला त्यातलं चर्च दिसेनासं झालं आणि माणसं दिसायला लागली. दाराच्या बाजूलाच एक लांबट खोली. एका टोकाने ओले सैनिक आत शिरतात, बाकावर बसतात, बूट काढून खणात ठेवतात, दुसऱ्या टोकाने कोरडे बाहेर पडतात. कोणी कोणाला ओलांडत नाही. पाणी जायला जमिनीला उतार. आणि मुख्य दारातली सरळ वाट पूर्ण मोकळी. तिथे एक काडीही नाही.

"जागा कुठून आणू?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्या आराखड्यावरच्या स्मृतिभिंतीवर बोट ठेवलं. मी दोन मिनिटं भांडले. मग ती पुसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला बोलावलं. बाकाची उंची ठरवायची होती. "बराकीतलं बाक एकोणीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्याला होतं," ते म्हणाले. "माझ्या सैनिकाला गुडघेदुखी नव्हती." आई पदर सावरत, लाजत, टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकांच्या चवडीवर बसली. "नाना, हे काय चाललंय?" एक पुस्तक काढलं, बसली, उठली. परत ठेवलं, बसली, उठली. टोल्नर जमिनीवर गुडघे टेकून मोजपट्टी धरून. तीस वर्षं त्यांनी इमारती काढल्या त्या एका कागदावरच्या सैनिकाच्या मापाने. खरं माणूस त्यांनी मोजलं ते माझी आई पहिली. "इथे हाताला धरायला काहीतरी पाहिजे," आई म्हणाली, "उठताना." त्यांनी लिहून घेतलं.

पप्पांनी सुपरवायझरला विचारून, शिफ्ट संपल्यावर थांबून, लोखंडी खण जोडले. एकशे साठ. प्रत्येक खणावर आकडा, कारण टोल्नर म्हणाले आकडा हवाच, आणि पप्पा म्हणाले, सर म्हणतात तर हवाच. गायकवाडकाकांनी अनुभवी फर्मला फोन केला होता. ती फर्म म्हणाली, सहा आठवडे लागतील. त्यामुळे काका पुन्हा "आपली सुजाता" म्हणायला लागले. मंगळवार ते गुरुवार मंडळातल्या चार माणसांनी आणि पप्पांनी आतली लाकडी भिंत उभी केली. शुक्रवारी विरेमू आला, बाकावर बसला, बूट काढले, खणात ठेवले, दोन्ही दारं मोजली. जाताना आईला हळूच विचारलं, "आज भजी नाही?" दाखला मिळाला.

इथे प्रकरण संपवलं असतं तर माझ्या दृष्टीने फार बरं झालं असतं. पण पौर्णिमा उजाडली. पाऊस. भंते आत मूर्तीपाशी. लोक ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाने, एकदम. मी आणि टोल्नर मुख्य दाराच्या आत, बाजूला उभे. त्यांनी कोट घातला होता, टाय लावला होता. आणि आमची माणसं आली, दारातून पहिलं पाऊल आत टाकलं आणि तिथेच, त्या मोकळ्या वाटेत, चपला काढल्या. पहिल्याने काढल्या म्हणून दुसऱ्याने. गायकवाडकाकांनी तर बूट काढून व्यवस्थित जोडीने ढिगाच्या टोकावर ठेवले. बाजूला एकशे साठ खण रिकामे, आकड्यांसकट.

टोल्नर त्या खणांकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "असंच असतं. माझी कुठलीच इमारत ज्याच्यासाठी बांधली त्याच्यासाठी वापरली गेली नाही."

मी काही करणार तेवढ्यात आई स्वयंपाकाच्या बाजूने आली, हातात खिरीचा डाव. तिने ढीग पाहिला, नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिचा तो चाळीतल्या नळावरचा आवाज, जो न्यूझीलंडमध्ये आल्यापासून मी ऐकला नव्हता, तो निघाला. "थांबा सगळे! उचला चपला! आंधळे झालात का? पोरीने आणि नानांनी खोली केलीय ती काय पूजेला? गायकवाडसाहेब, तुमच्यापासून सुरुवात. भाषण नंतर."

काकांनी बूट उचलले. मग सगळ्यांनीच उचलले. ओळ लागली. ओले एका टोकाने आत, कोरडे दुसऱ्या टोकाने बाहेर. आज्या बाकावर बसल्या, पप्पांनी लावलेल्या दांडीला धरून उठल्या. पोरं आपला आकडा मोठ्याने ओरडत होती, "एटीटू! मम्मी, आय ॲम एटीटू!" टोल्नर मनगटावरच्या घड्याळात बघत होते, ते निवृत्तीला मिळालेलं. दारातली वाट मोकळी झाली तेव्हा म्हणाले, "सहा मिनिटं. आराखड्यात चार होती."

"तुमच्याकडे आज्या नव्हत्या," मी म्हणाले.

"नव्हत्या." मग ते स्वतः त्या खोलीत गेले, बाकावर बसले, तपकिरी चामड्याचे पॉलिश केलेले बूट काढले आणि सतरा नंबरच्या खणात ठेवले.

वंदना झाली, भंतेंचं प्रवचन झालं, काकांचं त्याहून मोठं भाषण झालं. त्यात माझं नाव तीनदा आलं आणि "एक जर्मन सद्गृहस्थ" एकदा. पप्पांनी मान वर करून टाळ्या वाजवल्या. खीर संपली, लोक पांगले. आणि आम्ही निघालो तेव्हा सतरा नंबरचा खण रिकामा होता. आत पोराची एकच सँडल, तीही डाव्या पायाची.

पप्पांना जमीन दुभंगावी असं झालं. त्यांनी एकशे साठच्या एकशे साठ खण वाकून पाहिले. आई गायकवाडकाकांना फोन लावायला निघाली, कारण काकांचे बूटही तपकिरीच होते. काकांनी पुढे शेवटपर्यंत नाकबूल केलं. मला अजून खात्री नाही. मी टोल्नरसमोर उभी राहिले. म्हणाले, "आय ॲम सो सॉरी. आमच्या माणसांत हे होतं. कोणीतरी चुकून घालून गेलं."

ते करड्या मोज्यांमध्ये उभे होते. त्यांनी त्या रिकाम्या खणात हात घालून पाहिला, जणू बूट मागे सरकले असतील. आणि मग ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं, खांदे हलवून, हसताना पाहिलं नव्हतं.

"सॉरी कशाला?" ते म्हणाले. "जी इमारत कोणी वापरत नाही, तिथे काही हरवत नाही."

पप्पांनी आपल्या जँडल्स काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि स्वतः अनवाणी गाडीकडे गेले. टोल्नरनी मोज्यांवरूनच त्या घालायचा प्रयत्न केला. अंगठा काही मोकळा होईना. शेवटी ते पुन्हा बाकावर बसले, मोजे काढून कोटाच्या खिशात ठेवले, आणि आईने सांगून लावलेल्या दांडीला धरून उठले.